रसायनांची खोली अग्निसंहितेत बसवताना

रसायनांच्या साठवणुकीचं काम निघालं की बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी होते ती ज्वलनशील द्रवांसाठीच्या पिवळ्या कपाटाची. मग कपाट बसेल ती खोली ठरते आणि खोलीत मावेल तेवढा माल भरला जातो. अग्निसंहिता याच्या अगदी उलट चालते. माल काय आणि किती, तो कुठल्या मजल्यावर, कोणाच्या शेजारी, हे आधी. कपाट, पंखा, उंबरठा या उत्तरांतून निघतात. उलट्या क्रमाने उभ्या राहिलेल्या खोल्या सरळ करण्यातच आमचं निम्मं काम जातं, म्हणून इथे क्रम संहितेचाच ठेवला आहे.

खालचे आकडे मुख्यतः इंटरनॅशनल फायर कोड, म्हणजे आयएफसी, आणि एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेचं ज्वलनशील द्रवांसाठीचं मानक, एनएफपीए ३०, यांतले आहेत. आपल्या इमारतीला कोणती संहिता आणि तिची कुठली आवृत्ती लागू होते, हे अग्निशमन खात्याकडून आधी लेखी घ्यावं. आवृत्तीगणिक आकडे सरकतात आणि जुन्या आवृत्तीवर केलेला आराखडा परत येतो.

सुरुवात यादीपासून. खरेदीच्या नोंदवहीवरून केलेली यादी हमखास चुकते. खोलीखोलीत फिरून, कपाटं उघडून, टेबलाखाली वाकून करावी लागते. देखभाल विभागातले स्प्रेचे डबे, रंगाऱ्याने ठेवून दिलेला थिनर, जनरेटरचं डिझेल, हात धुण्याच्या जागेजवळचे सॅनिटायझरचे कॅन, वेल्डिंगचे सिलिंडर, हे नोंदवहीत एकत्र कधीच दिसत नाहीत. प्रत्येक पदार्थापुढे नाव, सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक), तीव्रता, सर्वांत मोठ्या डब्याचं माप, नेमकी जागा आणि एका वेळी जास्तीत जास्त किती माल असू शकतो तो आकडा लिहायचा. सरासरी साठा लिहिला की पुढचं सगळं गणित फसतं. मोठी ऑर्डर उतरते त्या दिवशीचा आकडा संहितेला हवा असतो. शेवटच्या रकान्यात तो माल नुसता साठवलेला आहे, बंद यंत्रणेत वापरला जातो की उघड्या भांड्यात, हेही लिहावं, कारण तिन्हींच्या मर्यादा स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत.

मग प्रत्येकाचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस. त्याच्या १६ भागांपैकी या कामाला रोज लागणारे तीन: ७ वा हाताळणी आणि साठवणुकीचा, ९ वा भौतिक गुणधर्मांचा, १० वा स्थिरता आणि अभिक्रियेचा. पत्रक त्याच उत्पादकाचं हवं. ‘थिनर’ या एका नावाखाली दोन उत्पादक पूर्ण वेगळी मिश्रणं विकतात. नवव्या भागात फ्लॅशपॉइंटपुढे (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्या आकड्यापुढे) ‘उपलब्ध नाही’ असं दिसलं तर तो रकाना रिकामा सोडू नये. क्लोज्ड कप, म्हणजे बंद भांड्याच्या, पद्धतीने चाचणी करून घ्यावी, नाहीतर मिश्रणातल्या सर्वांत धोकादायक घटकाचा वर्ग धरावा.

एनएफपीए ३० ची वर्गवारी फ्लॅशपॉइंट आणि उत्कलनबिंदू यांवर उभी आहे. फ्लॅशपॉइंट २२.८ अंश सेल्सिअसच्या खाली आणि उत्कलनबिंदू ३७.८ च्या खाली असेल तर वर्ग १ए. फ्लॅशपॉइंट तोच पण उत्कलनबिंदू ३७.८ किंवा वर असेल तर १बी. फ्लॅशपॉइंट २२.८ ते ३७.८ च्या दरम्यान असेल तर १सी. त्यापुढे ६० पर्यंत वर्ग २, ६० ते ९३ मध्ये ३ए आणि त्यावर ३बी. डायएथिल इथर ३४.६ अंशांवर उकळतं, म्हणून ते १ए. ॲसिटोनचा फ्लॅशपॉइंट उणे २०, टोल्यूइनचा ४, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा १२ च्या आसपास. हे तिन्ही १बी. झायलीन १सी मध्ये बसतं, केरोसीन आणि डिझेल साधारणपणे वर्ग २ मध्ये.

इथे दोन गोष्टी वारंवार निसटतात. पाणी मिसळलंय म्हणजे धोका गेला, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात ७० टक्के इथेनॉलचाही फ्लॅशपॉइंट २० अंशांच्या आतच असतो. आणि वर्ग २ किंवा ३ चा द्रव प्रक्रियेत त्याच्या फ्लॅशपॉइंटच्या वर तापवला, तर तो वर्ग १ सारखाच वागतो आणि नियमही तसेच लागतात. डिझेल गार असताना सभ्य असतं, इतकंच.

लेबलांवरच्या आकड्यांचा गोंधळ तर तपासणीत प्रत्येक वेळी निघतो. एनएफपीए ७०४ च्या चौकोनात, म्हणजे दारावरच्या धोक्याच्या पाटीत, निळा भाग आरोग्याचा, लाल ज्वलनशीलतेचा, पिवळा अस्थिरतेचा. ० म्हणजे धोका नगण्य, ४ म्हणजे सर्वाधिक. एसडीएसमध्ये वापरल्या जाणाऱ्या जीएचएस या जागतिक धोका-वर्गवारीच्या श्रेण्या याच्या नेमक्या उलट्या: श्रेणी १ सर्वांत वाईट. एसडीएसमधला ‘१’ उचलून चौकोनाच्या लाल भागात लिहिला की दारावरची पाटी अग्निशमन दलाला ‘इथे फारसं काही नाही’ असं सांगते.

यादी झाली की मर्यादेचं गणित. आयएफसी इमारतीचे ‘कंट्रोल एरिया’ पाडते, म्हणजे अग्निरोधक भिंतींनी वेगळे केलेले भाग, आणि प्रत्येक भागाला प्रत्येक वर्गाची कमाल मात्रा देते. साठवणुकीसाठी १ए चे ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११४ लिटर. १बी आणि १सी चे १२० गॅलन, म्हणजे ४५४ लिटर. वर्ग २ चेही १२० गॅलन. उघड्या भांड्यात वापर असेल तर १बी, १सी ची मर्यादा ३० गॅलनवर येते. शिवाय वापरातला आणि साठवलेला माल मिळून साठवणुकीची मर्यादा ओलांडायची नाही.

उदाहरण घेऊ. टोल्यूइनचा २०० लिटरचा एक ड्रम, ॲसिटोन १६० लिटर आणि आयसोप्रोपिल १५० लिटर. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर ४५४ च्या आत. पण १ए, १बी, १सी मिळून एकत्रित मर्यादाही १२० गॅलनच आहे आणि बेरीज ५१० होते. इथे तीन वाटा आहेत. इमारतभर नियमाप्रमाणे स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्या, असतील तर मर्यादा दुप्पट होते. माल मान्यताप्राप्त कपाटात असेल तरीही दुप्पट होते, आणि दोन्ही असतील तर चौपट. तिसरी वाट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी: माल कमी करा. ॲसिटोन महिन्याऐवजी आठवड्याला मागवलं की भिंत बांधायची गरज उरत नाही.

मजल्याचा हिशोब इथेच करावा. आयएफसीमधला पहिला मजला म्हणजे जमिनीलगतचा, आपला तळमजला. तिथे पूर्ण मर्यादा आणि चार कंट्रोल एरियापर्यंत परवानगी. आपल्या पहिल्या मजल्यावर ७५ टक्के आणि तीन, दुसऱ्यावर ५० टक्के आणि दोन. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत थेट १२.५ टक्के. म्हणजे ४५४ चे सत्तावन्न लिटर होतात, तिथे एक ड्रमही बसत नाही. खालच्या तीन मजल्यांवर भागांमधली भिंत एक तासाची चालते, त्यावर दोन तासांची लागते. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा काढणाऱ्यांना हा आकडा आराखडा झाल्यावर कळतो. वरच्या मजल्यावर पाण्याचा मारा उशिरा पोचतो आणि माणसंही उशिरा उतरतात, त्यामुळे ही घट इतकी तीव्र ठेवली आहे.

आता शेजार. विसंगत पदार्थांचे डबे २ किलोपेक्षा किंवा २ लिटरपेक्षा मोठे असतील तर आयएफसी चार पर्याय देते: मध्ये ६.१ मीटर अंतर, किंवा मालाच्या वर आणि बाजूंना किमान ४५७ मिलिमीटर पुढे येणारी न जळणारी आडभिंत, किंवा द्रव-घन पदार्थांसाठी स्वतंत्र कपाटं, किंवा वायूंसाठी गॅस कॅबिनेट. आडभिंत नुसती मालाइतक्या उंचीची बांधली तर ती मोजली जात नाही. विसंगत माल एकाच कपाटात वरच्या आणि खालच्या फळीवर ठेवला तर तोही वेगळा ठेवलेला मानत नाहीत.

सर्वांत फसवं असतं ते ‘ॲसिड’ असं लिहिलेलं कपाट. त्यात नायट्रिक आणि ग्लेशियल ॲसेटिक शेजारी उभे असतात. दोन्ही आम्लं खरी, पण नायट्रिक हा ऑक्सिडायझर, म्हणजे इतर पदार्थांच्या जळण्याला जोर देणारा, आहे आणि ॲसेटिक हा ३९ अंशांच्या आसपास फ्लॅशपॉइंट असलेला सेंद्रिय द्रव. त्याची जागा ज्वलनशील द्रवांकडे. सोडियम हायपोक्लोराइट आम्लाशेजारी गेलं की गळतीत क्लोरीन निघतो. पोहण्याच्या तलावासाठी लागणारं कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर हे दोघं ‘क्लोरीन’ याच नावाखाली एका रॅकवर येतात, आणि ओल लागून एकमेकांत मिसळले तर स्फोटक नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतो. इंग्रजी वर्णमालेप्रमाणे बाटल्या लावणं ही तर अपघाताची सोयच. आधी गट, मग गटाच्या आत वर्णमाला.

पाण्याशी अभिक्रिया करणारे धातू आणि हायड्राइड स्प्रिंकलरच्या खोलीत येणार असतील तर ते जलरोधक डब्यात, जमिनीपासून उंच आणि वेगळे हवेत. इथर, टेट्राहायड्रोफ्युरान यांसारखे पेरॉक्साइड बनवणारे द्रव उघडल्याची तारीख बाटलीवर नसेल, तर तपासनीस ती बाटली तिथेच बाजूला काढायला लावतो. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर झाकणाला हातही लावू नये. ते फिरवतानाच स्फोट होऊ शकतो.

नायट्रिकच्या टाकाऊ बाटलीत कुणीतरी थोडं अल्कोहोल ओततं, झाकण घट्ट लावतं, आणि ती बाटली काही तासांनी फुटते. टाकाऊ द्रवांच्या बाटल्यांना दाब सोडणारी झाकणं आणि प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र बाटली, यावर तडजोड नको.

एवढं झाल्यावर कपाट. एनएफपीए ३० प्रमाणे धातूच्या कपाटाला किमान १८ गेजचा पत्रा, दुहेरी भिंत आणि मध्ये ३८ मिलिमीटर पोकळी, तीन ठिकाणी अडकणारी कडी, आणि दाराचा खालचा काठ तळापासून किमान ५० मिलिमीटर वर, म्हणजे सांडलेलं आतच राहतं. एका कपाटात कमाल ४५४ लिटर. आयएफसीला दार आपोआप बंद होणारंही हवं. कपाट म्हणजे तिजोरी, अशी समजूत असेल तर तिची चाचणी पाहावी: बाहेर आग असताना १० मिनिटांनी आतल्या वरच्या मध्यभागी तापमान १६३ अंशांच्या वर जाऊ नये, एवढीच अट. माणसं बाहेर पडेपर्यंतचा हा वेळ आहे. युरोपातल्या ईएन १४४७०-१ मध्ये १५, ३०, ६० आणि ९० मिनिटांचे प्रकार आहेत. ९० मिनिटांचं कपाट खूप जड असतं, मजल्याची वजन पेलण्याची क्षमता आधी तपासावी.

कपाटाच्या बाजूची व्हेंटची दोन भोकं उघडी ठेवली की ज्वलनशील वाफ बाहेर येते आणि आगीत गरम हवा आत जाते. व्हेंट जोडायचा तर धातूच्या पाइपने थेट बाहेर न्यावा, नाहीतर कंपनीने दिलेल्या बुचांनी दोन्ही भोकं बंद ठेवावीत. डोक्यावर पुठ्ठ्याची खोकी, दाराला अडकवलेली पाचर आणि आत ठेवलेले कागदी लेबलांचे गठ्ठे, या तीन गोष्टी जवळपास प्रत्येक कपाटात सापडतात. आम्लं मात्र या कपाटात नकोत. त्यांची वाफ बिजागऱ्या आणि दाराची यंत्रणा खाते आणि दार आगीत बंदच होत नाही. घरगुती फ्रिजमध्ये सॉल्व्हंट ठेवणं हा वेगळा उद्योग: थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण आतच ठिणगी मारतात. आतल्या भागात ठिणगीचं एकही साधन नसलेला, ज्वलनशील मालासाठी प्रमाणित फ्रिजच लागतो.

हवा खेळती ठेवण्याचं गणित सोपं आहे आणि चुकतं ते बसवताना. आयएफसी प्रति चौरस फूट १ घनफूट प्रति मिनिट मागते, म्हणजे प्रति चौरस मीटर तासाला सुमारे १८.३ घनमीटर. ४० चौरस मीटरच्या खोलीला तासाला सुमारे ७३० घनमीटर. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ॲसिटोनची दुप्पट. म्हणून एक्झॉस्टची तोंडं जमिनीपासून ३०५ मिलिमीटरच्या आत. हवेपेक्षा हलक्या वायूंसाठी छतापासून तेवढ्याच अंतरात. ओढलेली हवा पुन्हा इमारतीत सोडायची नाही आणि पंखा बंद करण्याचा हाताचा स्विच खोलीबाहेर, दाराजवळ. पंखा क्षमतेचा असूनही खोली का वास मारते, याचं उत्तर बहुधा दोहोंपैकी एक: ताजी हवा येण्याची जाळी एक्झॉस्टच्याच बाजूला लावलेली आहे, म्हणून हवा एका कोपऱ्यातून फिरून निघून जाते, किंवा एक्झॉस्टच्या तोंडापुढे कुणीतरी ड्रम उभा केला आहे. माल आत यायच्या आधी, रिकाम्या खोलीत स्मोक ट्यूबचा धूर प्रत्येक कोपऱ्यात जमिनीलगत सोडून पाहावा. धूर जिथे रेंगाळतो तिथेच पुढे वाफही रेंगाळणार. पंख्याची मोटार हवेच्या प्रवाहात असेल तर ती ज्वलनशील वाफेच्या त्या झोनसाठी प्रमाणित हवी आणि पाती ठिणगी न पाडणाऱ्या धातूची.

सांडलेलं कुठे जाणार, आणि त्याहून महत्त्वाचं, विझवलेलं पाणी कुठे जाणार? १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइझरहाले इथे सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, तेव्हा विझवण्याचं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं आणि नदीतले मासे मोठ्या प्रमाणावर मेले. आयएफसीचा दुय्यम साठवणीचा, म्हणजे सांडलेलं खोलीतच अडवून धरण्याचा, नियम हेच पाणी मोजतो. एक भांडं २०८ लिटरपेक्षा मोठं असेल किंवा द्रवांची एकूण क्षमता ३,७८५ लिटरच्या वर जात असेल, तर खोलीत सर्वांत मोठ्या भांड्यातला माल अधिक स्प्रिंकलरचं २० मिनिटांचं पाणी मावलं पाहिजे.

४० चौरस मीटरची खोली, १,००० लिटरची टाकी आणि स्प्रिंकलरची घनता प्रति चौरस मीटर मिनिटाला १२ लिटर धरली, तर पाणी ४० × १२ × २० = ९,६०० लिटर. टाकीसह १०,६००. खोलीत पसरलं तर २६५ मिलिमीटर उंची. म्हणजे दाराला गुडघ्याखाली येईल एवढा उंबरठा, ज्यावरून पॅलेट ट्रक जाणार नाही. मग हातचलाखी सुरू होते: उंबरठा ५० मिलिमीटरचा करून ‘नियम पाळला’ म्हणायचं. योग्य उत्तर म्हणजे उताराची जमीन, दाराआड जाळीचा नाला आणि तिथून बाहेरच्या टाकीत जाणारी लाइन. त्या लाइनवर ज्योत अडवणारा ट्रॅप हवाच, कारण बहुतेक सॉल्व्हंट पाण्यावर तरंगतात आणि जळत जळत नाल्यातून पुढच्या खोलीत जातात. नाला सांडपाण्याच्या गटाराला जोडलेला असेल तर सगळं गणित वाया. प्लंबरच्या नकाशावर विसंबू नये, रंगीत पाणी ओतून ते कुठे निघतं ते पाहावं.

प्लास्टिकची १,००० लिटरची टाकी, म्हणजे आयबीसी, वर्ग १ च्या द्रवासाठी एनएफपीए ३० मान्य करत नाही. आगीत ती काही मिनिटांत फाटते आणि सगळा माल एकदम जमिनीवर येतो. वर्ग २ आणि ३ साठीही चाचणी पास केलेलीच टाकी चालते.

ओतण्याच्या जागेवर सर्वांत जास्त लक्ष द्यावं. सॉल्व्हंटची वाफ पेटायला ०.२ ते ०.३ मिलिज्यूल पुरतात, आणि नळीतून वाहणारा द्रव ते सहज जमा करतो. ड्रमला अर्थिंग, ड्रम ते डबा बाँडिंग (दोघांना तारेने जोडणं), आणि क्रम असा: सुरू करताना आधी क्लॅम्प लावायचा, मग बुच उघडायचं; संपवताना आधी बुच लावायचं, मग क्लॅम्प काढायचा. क्लॅम्पचे दात रंग खरवडून धातूत रुतले पाहिजेत. धातूच्या जोडणीचा रोध १० ओहमच्या आत यायला हवा. त्याहून जास्त दिसला तर गंज, रंग किंवा तुटलेली तार शोधायची. प्लास्टिकच्या बादलीला क्लॅम्प लावून काहीच होत नाही, तिच्यातला भार तारेत उतरत नाही.

नळी डब्याच्या तळाशी न्यावी, फार तर १५० मिलिमीटर वर. वरून पडणारी धार भार वाढवते आणि वाफही. नळीचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवावा. २५ मिलिमीटरच्या नळीत तो सेकंदाला सुमारे अर्धा लिटर येतो, म्हणजे मिनिटाला २९ लिटरच्या आसपास. टोल्यूइन, हेक्सेन हे विजेचे वाईट वाहक आहेत. अर्थिंग असूनही त्यांच्यातला भार विरायला वेळ लागतो, म्हणून भरल्या भरल्या डिपस्टिक किंवा नमुन्याचं भांडं आत घालू नये. ड्रममध्ये हवेचा दाब देऊन द्रव वर काढण्याची युक्ती संहितेत कुठेच बसत नाही. ड्रम त्या दाबासाठी बनलेला नसतो. हातपंप वापरा, किंवा आडवा ड्रम, आपोआप बंद होणारा नळ आणि दाब-निर्वात सोडणारं बुच असं जोडून घ्या.

छोट्या मापासाठी सेफ्टी कॅन, कमाल १९ लिटरचा, स्प्रिंगचं झाकण आणि ज्योत अडवणारी जाळी असलेला. ओतायला अडचण होते म्हणून ती जाळी काढून टाकलेले कॅन नियमितपणे दिसतात. जाळीशिवाय तो निव्वळ महाग डबा आहे.

विझवण्याच्या साधनांबद्दल थोडक्यात. एक्स्टिंग्विशर दाराबाहेर हवा, आत नको. आग लागल्यावर त्याच्यासाठी आत शिरावं लागू नये. ॲसिटोन आणि अल्कोहोलसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या द्रवांवर साधा फोम विरतो, अल्कोहोल-रोधक फोम लागतो. मॅग्नेशियमसारख्या धातूंना डी वर्गाची भुकटी; कार्बन डायऑक्साइड तिथे चालत नाही, जळतं मॅग्नेशियम त्यातही जळत राहतं. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, टोप्या लावून, आणि ऑक्सिजन इंधनवायूंपासून ६.१ मीटर दूर किंवा मध्ये दीड मीटर उंच, अर्धा तास आग झेलणारी भिंत.

तपासणीच्या दिवशी कागद आधी मागतात: साठ्याची यादी, व्यवस्थापन आराखडा, नकाशा, एसडीएस आणि प्रशिक्षणाच्या नोंदी. मग तपासनीस यादीतली एखादी ओळ उचलतो आणि ‘हे दाखवा’ म्हणतो. नकाशावरची जागा आणि प्रत्यक्ष जागा जुळली नाही की तो प्रत्येक ओळ तपासू लागतो. नंतर नजर वर जाते: स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरखाली, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या चकतीखाली, ४५७ मिलिमीटर मोकळी जागा आहे का, की माल छताला टेकलाय. मग दार, त्याचा क्लोझर, एक्स्टेन्शन बोर्ड, आणि मांडणी भिंतीला बोल्टने पकडलेली आहे का. तेलकट चिंध्यांचा झाकण नसलेला डबा दिसला की शेरा नक्की. जवस तेल लागलेल्या चिंध्या ढिगात स्वतःहून तापून पेटतात. झाकण आपोआप पडणारा धातूचा डबा ठेवावा आणि तो रोज पाळी संपताना रिकामा करावा.

मंजुरीनंतर यादी ज्या दिवशी जुनी होते, तो दिवस खरेदी विभाग ठरवतो. नवा पदार्थ मागवण्याच्या अर्जावरच वर्ग, मात्रा आणि जागा हे तीन रकाने ठेवले आणि त्यावर साठा सांभाळणाऱ्याची सही लागली, तर मर्यादा ओलांडण्याचा प्रकार बराच थांबतो.

रिकामे ड्रमही याच यादीत. तळाशी राहिलेल्या टोल्यूइनच्या वाफेला पेटायला हवेत १.२ टक्क्यांच्या आसपास प्रमाण पुरतं, म्हणून न धुतलेला ड्रम भरलेल्या ड्रमइतकाच, कधी जास्त धोकादायक. बुचं लावून, लेबल न काढता, खोलीबाहेरच्या ठरलेल्या जागी ठेवावेत, आणि कापण्यासाठी किंवा वेल्डिंगसाठी ते कोणाला देऊ नयेत. जवळपास वेल्डिंग करायचंच असेल तर हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणगीच्या कामाची लेखी परवानगी, ठिणगीच्या जागेपासून ११ मीटरपर्यंत जळाऊ माल हटवलेला, आणि काम संपल्यावरही पहारा: आयएफसी अर्धा तास सांगते, एनएफपीए ५१बी च्या २०१९ पासूनच्या आवृत्तीत तो एक तास झाला आहे. आम्ही एक तासच ठेवतो.